गोळी सुटते, दुखणं सुटत नाही

दारू सोडलेला माणूस गुत्त्याची गल्ली टाळून घरी येऊ शकतो. वेदनाशामक गोळ्या सोडलेल्याला दाढदुखी टाळता येत नाही. कधी तरी दाढ किडते, मुतखडा सरकतो, मोटारसायकलवरून पडून मनगट मोडतं. आणि जी गोळी सोडवता सोडवता घरादाराचा जीव मेटाकुटीला आला, तीच गोळी डॉक्टर अगदी चांगल्या हेतूनं चिठ्ठीवर लिहून देतात. त्यांना मागचं काही माहीत नसतं. पेशंट लाजेनं सांगत नाही. मेडिकलवाला चिठ्ठी बघतो आणि औषध देतो. नियम कुणीच मोडलेला नसतो, तरी महिन्याभरात माणूस पुन्हा होता तिथं.

मी कराडात औषधाचं दुकान चालवते. माझा धाकटा भाऊ कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर असतो. कमरेच्या मणक्यातली गादी सरकली तेव्हा त्याला ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल अशी एकत्र गोळी मिळाली. दुखणं ओसरलं, गोळी राहिली. पुढं पुढं दिवसाला दहा गोळ्यांचं एक पाकीट लागायला लागलं. या गोळीची दिवसाची मर्यादा आठ आहे. माझ्या दुकानातून त्यानं एकही नेली नाही. ट्रॅक्टर जिथं थांबेल तिथं त्याची सोय होत होती. आता त्याला गोळी सोडून काही हंगाम झाले. हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, नाव सोडून सगळं लिही. पण सोडवली कशी ते कमी लिही. सुटलेली टिकवायची कशी, ते लिही. ते कुणी सांगत नाही."

हुरूप देणारी गोळी

आधी कोणत्या गोळ्यांबद्दल बोलतोय ते स्पष्ट करते. डोकं दुखलं की आपण घेतो ती साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यात येत नाही. त्यांचे दुष्परिणाम वेगळे आहेत, पण त्यांची तलफ लागत नाही. तलफ लागते ती ओपिऑइड गटातल्या औषधांची. अफूतून निघालेली किंवा अफूसारखं काम करणारी ही औषधं: मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिनचं इंजेक्शन.

ट्रामाडोल १९७७ साली जर्मनीत बाजारात आलं तेव्हापासून त्याची ख्याती 'सौम्य' औषध अशी आहे. ते मेंदूतल्या दोन यंत्रणांवर काम करतं. एक अफूची, वेदना दाबणारी. दुसरी सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची, मनाला उभारी देणारी. म्हणून कष्टकऱ्याला ते फार लवकर आवडतं. माझा भाऊ पुढं पुढं कमरेसाठी गोळी घेतच नव्हता. रात्रीच्या खेपेसाठी घेत होता. गोळी घेतली की थकवा जाणवत नाही, कारखान्याच्या गव्हाणीसमोरच्या रांगेत ताटकळताना चिडचिड होत नाही. सोडताना मात्र दोन्ही यंत्रणा एकदम बोंबलतात. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब, पायात गोळे हे सगळं आहेच, शिवाय बेचैनी आणि भीती.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे? दिल्लीच्या एम्सच्या व्यसनमुक्ती उपचार केंद्रानं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले २.१ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या वर लोक कोणतं ना कोणतं ओपिऑइड वापरणारे निघाले. त्यात औषधी ओपिऑइड वापरणारे ०.९६ टक्के. हेरॉइनचे १.१४ टक्के. म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी वस्तू गर्दच्या फार मागं नाही.

सरकारनं उपाय केले आहेत. मार्च २०१४ पासून ट्रामाडोल एच-१ यादीत आहे: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल एनडीपीएस कायद्याखालीही आलं. त्यामुळं वाट अवघड झाली, बंद झाली नाही. आणि मी म्हणते ती दुसरी वाट, खऱ्या दुखण्याची आणि खऱ्या चिठ्ठीची, ती तर कायद्यानं बंद करायचीही नाही.

घसरण आधी सुरू होते

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आला की सगळ्यांना वाटतं, झालं. खरं म्हणजे केंद्रात शरीरातून औषध निघतं, त्याला आठ-दहा दिवस पुरतात. झोप, भूक आणि मन ताळ्यावर यायला मात्र कित्येक महिने जातात. अमेरिकेतल्या 'नायडा' या राष्ट्रीय संस्थेच्या मते उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी पुन्हा व्यसनाकडे वळतात, आणि रक्तदाब किंवा दम्याचे रोगी उपचार सोडून पुन्हा आजारी पडतात त्याहून हे प्रमाण जास्त नाही. हा आकडा धीर खचवायला सांगत नाही. रक्तदाबाची गोळी चुकली म्हणून आपण कुणाला नालायक म्हणत नाही, एवढंच.

सिअ‍ॅटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबर १९८५ मध्ये घसरण कशी टाळावी यावर पुस्तक काढलं. त्यातली एक गोष्ट माझ्या भावाला तंतोतंत लागू पडते. माणूस थेट गोळीकडे जात नाही. तो आधी बिनमहत्त्वाचे वाटणारे छोटे छोटे निर्णय घेतो. दवाखान्याचा फॉलोअप एकदा चुकवतो, कारण ट्रॉली नादुरुस्त होती. मग म्हणतो, "आता मला काय झालंय?" मग दुसऱ्या ढाब्यावर जेवायला लागतो, कारण तिथली आमटी चांगली. तो ढाबा नेमका जुन्या ओळखीच्या माणसाच्या शेजारी असतो, हा योगायोग. प्रत्येक निर्णयाला कारण असतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं असतं.

म्हणून भावानं आणि त्याच्या समुपदेशक बाईंनी त्याच्या घसरणीच्या खुणा लिहून काढल्या. मोबाईल उचलत नाही. दुपारचं जेवण संध्याकाळी चारला. मुलीवर खेकसतो. उचल मागायला मुकादमाकडे जातो आणि घरी सांगत नाही. यातल्या दोन खुणा एका आठवड्यात दिसल्या की भावजयीनं बाईंना फोन करायचा, त्याला विचारायचं नाही. ही अट त्यानं स्वतः घातली. गोळीचा संशय येईपर्यंत थांबलं तर उशीर होतो.

स्वमदत गटांत चार शत्रू पाठ करून घेतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. ऊस वाहणाऱ्याच्या अंगात गळीत हंगामात हे चारही मुक्कामाला असतात. त्यामुळं दिवाळीनंतरचे पाच महिने हा त्याचा धोक्याचा काळ. त्यात तो सलग दोन रात्री गाडीवर जात नाही. पैसे कमी मिळतात. ते आम्ही हिशोबात धरलेत.

दुखतंय की तलफ आलीय?

हा प्रश्न दारू सोडलेल्याला पडत नाही. गोळी सोडलेल्याला रोज पडतो. ओपिऑइड दीर्घकाळ घेतली की काही जणांत मज्जासंस्था उलट जास्त हळवी होते. पूर्वी सहज सोसलं असतं ते दुखणं असह्य वाटतं. गोळी बंद केल्यावर काही आठवडे हा हळवेपणा टिकतो. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच दुखत असतं. शिवाय मेंदूला ठाऊक असतं की दुखणं हे गोळी मिळवण्याचं सगळ्यात सभ्य कारण आहे.

यावर भावाला एक साधी वही उपयोगी पडली. दुखायला लागलं की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले, नेमकं कुठं दुखतंय, त्याआधी काय घडलं, काल झोप किती झाली. महिनाभरानं वही वाचल्यावर दिसलं, की ओझं उचलल्यावर येणारं दुखणं एका ठिकाणी असतं आणि आडवं पडलं की कमी होतं. भांडणानंतर येणारं दुखणं सगळ्या अंगभर असतं आणि आडवं पडलं की वाढतं. दोन्ही खरी. पहिल्याला शेक, व्यायाम, डॉक्टरांनी सांगितलेली साधी गोळी. दुसऱ्याला फोन.

फोन का, तर तलफ कायम टिकत नाही. मार्लॅट तिला समुद्राची लाट म्हणत: चढते, माथ्यावर येते, आपोआप ओसरते. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांचा खेळ असतो. तिच्याशी मारामारी करायची नाही, अंगात ती कुठं जाणवते ते बघत राहायचं आणि तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत राहायचं. भाऊ गटातल्या एका निवृत्त मास्तरांना फोन लावतो. ते त्याला उपदेश करत नाहीत. उसाला पाणी दिलं का, ते विचारतात.

एक सावधगिरी. व्यसन होतं म्हणून प्रत्येक दुखण्याला तलफ म्हणून झटकू नका. पाय बधिर होणं, पायातली ताकद जाणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, तापाबरोबर पाठ दुखणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

बंदोबस्त दुखण्याआधी

आता मुख्य गोष्ट. दुखणं येणारच आहे, तर ते आल्यावर विचार करत बसायचं नाही. कळ उठलेली असताना आणि समोर पाकीट असताना कुणीही नीट विचार करू शकत नाही. निर्णय आधी, शांत डोक्यानं, लिहून.

भावाच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागं एक कागद आहे. मजकूर तीन ओळींचा: मला ओपिऑइड औषधांचं व्यसन होतं, उपचार चालू आहेत. ट्रामाडोल, टॅपेंटाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन शक्यतो देऊ नका. द्यायची वेळ आली तर माझ्या मानसोपचार तज्ज्ञांशी बोला, नंबर अमुक. तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही. कागद पुढं करता येतो. गावातल्या दाताच्या डॉक्टरांनी तो वाचला, मान डोलावली आणि चिठ्ठीवर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन लिहिलं. दाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावर ही जोडी ओपिऑइडच्या मिश्रणापेक्षा कमी पडत नाही, हे दंतवैद्यकातल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. मात्र मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आपल्या मनानं घ्यायची नाहीत. पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही, त्यात सर्दीच्या गोळ्यांतलंही धरायचं.

काउंटरवरून दिसणारा एक धोका सांगते. लोक पाकिटावरचं मोठं नाव वाचतात, खालची बारीक अक्षरं वाचत नाहीत. काही गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला ट्रामाडोल असतं. पोटातल्या कळीच्या काही कॅप्सूलमध्येही ते असतं. कोरड्या खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. जुलाबाच्या एका जुन्या गोळीत डायफेनॉक्सिलेट असतं, तेही याच घराण्यातलं. गोळी सोडलेल्या माणसानं प्रत्येक नवं औषध घेताना मेडिकलवाल्याला एकच प्रश्न विचारावा: "यात ओपिऑइड आहे का?" आम्हाला उत्तर देता येतं. विचारलंच नाही तर आम्हाला कळायचा मार्ग नाही.

मोठं ऑपरेशन, हाड मोडणं, भाजणं अशा वेळी ओपिऑइड लागू शकतं, आणि लागलं तर घ्यावं. दात-ओठ खाऊन सोसण्यात शौर्य नाही. न दाबलेलं दुखणं हेही घसरणीचं मोठं कारण आहे. तिथं अटी महत्त्वाच्या. किती दिवस ते आधी ठरवायचं. गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात. एका वेळी दोन दिवसांच्याच. उरलेल्या घरात ठेवायच्या नाहीत, डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारून नष्ट करायच्या. आजीच्या गुडघ्याच्या गोळ्या घरात असतील तर त्याही कुलपात.

तलफ दाबायला कुणी नाल्ट्रेक्सोन घेत असेल तर ओपिऑइड वेदनाशामक त्याच्यावर चालत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच ठाऊक असावं लागतं. जे ब्युप्रेनॉर्फिनवर आहेत त्यांनी ऑपरेशन आहे म्हणून ते आपल्या मनानं बंद करू नये.

ब्युप्रेनॉर्फिनचं नाव निघालं की दुकानात हमखास ऐकू येतं, "म्हणजे एक सोडून दुसरं धरलंच की!" तसं नाही. जिभेखाली ठेवायचं हे औषध त्याच यंत्रणेवर काम करतं, पण अर्धवट आणि दीर्घकाळ. त्यामुळं तलफ दबते, नशेची चढउतार राहत नाही, माणूस कामावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. नातेवाइकांच्या टोमण्यांमुळं ते घाईनं बंद करणारे पुन्हा घसरतात. किती दिवस घ्यायचं हे मानसोपचार तज्ज्ञ ठरवतील, चुलते नाहीत.

घरच्यांनी काय करावं

भावजयीनं मला एकदा विचारलं, "वन्सं, मी रोज खिसे तपासू का?" मी तिला म्हटलं, ते त्यालाच विचार. त्यानं सांगितलं, खिसे नको, पण कारखान्याचं बिल थेट तुझ्या खात्यावर घे. पाळत ठेवली की माणूस लपवायला शिकतो. करार केला की निदान करार मोडल्याचं दोघांनाही कळतं. घरच्यांचंही कुणी ऐकायला लागतं. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत घरच्यांशीही बोललं जातं. नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसचे गट आहेत, नातेवाइकांसाठी नार-अ‍ॅनॉन आहे.

एक गोळी घेतली गेलीच तर

मार्लॅट यांनी एका घसरणीत आणि पूर्ण कोसळण्यात फरक केला होता. एक गोळी घेतल्यावर माणूस स्वतःला म्हणतो, "गेलं सगळं, आता काय उरलंय!" आणि उरलेलं पाकीट संपवतो. नुकसान पहिल्या गोळीपेक्षा या वाक्यानं जास्त होतं. त्या दिवशी एकच काम: झोपायच्या आधी कुणाला तरी सांगायचं. ऐकणाऱ्यानंही त्या रात्री भाषण द्यायचं नाही. उद्या कुणाला भेटायचं, एवढंच ठरवायचं.

आणि जिवाची गोष्ट ही आहे. काही आठवडे गोळी बंद राहिली की शरीराची सोसण्याची ताकद उतरते. पूर्वी पचणारा डोस आता श्वास थांबवू शकतो. केंद्रातून बाहेर आल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर आणखी वाईट. ट्रामाडोलच्या मोठ्या डोसनं फिट येते. माणूस हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात नालोक्सोनचं इंजेक्शन असतं, पण काय घेतलंय ते खरं सांगा. रिकामी पाकिटं बरोबर न्या. केंद्र किंवा समुपदेशक शोधायचा असेल तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मन सैरभैर झालं असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

हंगाम संपला की भावाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. सर्जननी कागद वाचलाय, मानसोपचार तज्ज्ञांशी त्यांचं बोलणं झालंय. शक्य तेवढं जागेवरच्या भुलीनं आणि साध्या गोळ्यांनी भागवायचं; लागलंच तर दुसरं औषध तीन दिवस, त्यापुढं नाही. गोळ्या कुणाच्या ताब्यात ठेवायच्या, हा प्रश्न आला तेव्हा मी माझं नाव घातलं. दुकान माझं, हिशोब माझा. तो नको म्हणाला.

"ताई, तू बहीण आहेस. मी कण्हायला लागलो की तू एक जास्त देशील. तुला मी गुंडाळीन."

गोळ्या मास्तरांकडे राहणार आहेत. गुंडाळागुंडाळी त्यांनी त्यांच्या काळात स्वतः इतकी केलेली आहे, की त्यांच्यापुढं भावाचं काही चालत नाही.